शब्दचर्चा : ‘रोद्नोय याझीक’ म्हणजे मातृभाषाच का?

प्रश्न : तातारस्तानातल्या (रशियातलं तातार लोकांचं प्रजासत्ताक) शाळांवरचा एक रशियन लेख मराठीत आणते आहे. ‘रोद्नोय याझीक’साठी ‘मातृभाषा’ लावत गेले. पण एके ठिकाणी तातार मुलांसाठी ‘रोद्नोय’ म्हणून रशियन भाषा निवडलेली दिसते. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही, शब्दच सरकलाय. ‘याझीक’ म्हणजे भाषा, पण ‘रोद्नोय’ या शब्दात आई नाहीच. ‘रोद’ म्हणजे कूळ, जन्म. त्यातूनच ‘रोदिना’ (मायभूमी), ‘नारोद’ (लोक) आणि ‘रोद्नोय’ (आपला, सख्खा) आले. त्याच मुळातून ‘इनोरोदेत्स’ही आला : इन, म्हणजे दुसरा, अधिक रोद. परक्या कुळाचा. १८२२ साली रशियन मुत्सद्दी स्पेरान्स्कीने सायबेरियातल्या रशियनेतर लोकांसाठी जो कायदा केला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. पुढे तो सायबेरियाबाहेरच्या लोकांनाही लावू लागले. माणूस स्वतःच्याच गावात परकुळी ठरतो, हे वाचून मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

रशियातल्या अशा प्रजासत्ताकांतल्या शाळांत विषयाचं नाव म्हणून ‘रोद्नोय’ म्हटलं की साधारणपणे तिथली रशियनेतर भाषा समजली जायची. रशियाच्या शिक्षण कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीने पालकांना ‘रोद्नोय’ म्हणून रशियनही निवडता येऊ लागली, आणि प्रजासत्ताकाची राजभाषा शिकणं ऐच्छिक झालं. तुमचं वाक्य तिथलंच असणार.

आणखी एक : लेखात ‘मालोचिस्लेन्नी’ आला तर ‘लहान’ लिहू नका. पूर्वी ‘माली नारोद’, लहान लोक, असं सर्रास म्हणत. त्यात कमीपणाची छटा आहे. ‘मालोचिस्लेन्नी’ म्हणजे संख्येने थोडे. अशा मूळ रहिवासी लोकांच्या हक्कांसाठीच्या १९९९ च्या रशियन कायद्यात ५०,००० पेक्षा कमी ही मर्यादा आहे. तातार पन्नास लाखांच्या घरात, त्यांना तो लागू नाही. ‘अल्पसंख्याक’ही टाळा, मराठी वाचकाच्या मनात आधी धर्म येतो. ‘अल्पसंख्य’ चालेल.

दुसरं उत्तर : ‘नात्समेन’ भेटला तर जपून. ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ या रशियन शब्दांचं हे १९२० च्या दशकातलं सरकारी लघुरूप. आज ती शिवी आहे.

प्रश्नकर्ती : आभार. मुलं घरी बोलतात तिथे ‘मातृभाषा’ ठेवते. शाळेच्या विषयाला ‘रोद्नोय’च राहू देते, पहिल्या उल्लेखाला तळटीप देऊन.