पेवेन आणि त्याची माणसे
स्थानिकांना बिया वेचण्यास बंदी घातल्याखेरीज दुर्मीळ सूचिपर्णी वृक्ष वाचणार नाहीत, असे एक मत आहे; ते चिलीतील पेवेन, अर्थात अराउकारिया, या वृक्षाबाबत मला पटत नाही. ‘पेवेनचे’ हा तिथला आदिवासी समाज; नावाचा अर्थ पेवेनची माणसे (मराठीतल्या ‘चे’शी साम्य हा निव्वळ योगायोग). ही माणसे शरद ऋतूत शंकूतून गळालेल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या बिया वेचून उकडतात, भाजतात, वाळवून पीठही करतात. या वृक्षाला १९७६ साली मिळालेले तोडीपासूनचे संरक्षण १९८७ मध्ये काढले गेले, तेव्हा तोडीविरुद्ध किंकेन खोऱ्यातल्या पेवेनचे कुटुंबांनीच लढा दिला आणि १९९० मध्ये तोडबंदी परत आली. बी पिकायला सुमारे दोन वर्षे लागतात आणि कोवळी रोपे गुरे खातात, हे खरेच. म्हणून किती बी झाडाखाली राहू द्यायचे, हे वेचणाऱ्यांसोबत बसूनच ठरवावे लागेल.