मदत हवी आहे: मॅस्टोडॉनवरचा इंदूर–बडोदा बुद्धिबळ सामना, खेळी पोचत नाही

राजवाडाकर (इंदूर):
चार पटांचा सामना, दर खेळीला ३ दिवस. मॅस्टोडॉन हे एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम; आमचे चौघे एका सर्व्हरवर, बडोद्याचे दुसऱ्या. आधीच्या पोस्टला उत्तर म्हणजे खेळी. दोन ठिकाणी अडलंय.
१) दुसऱ्या पटावर १३व्या खेळीपर्यंत सुरळीत. १४वी आम्हाला दिसते, बडोद्याला नाही. घड्याळ मात्र चालू.
२) चौथ्या पटावर निम्झो-इंडियन ही सुरुवात. पांढऱ्याने बी-प्याद्याने सी३ वर मारलं, पंच-बॉटने (पोस्टमधली खेळी वाचून पट हलवणारा प्रोग्राम) तिथे उंट बसवला. पोस्ट संपादित केली, पट तसाच.

मांडवीकर (बडोदा):
१४व्या खेळीची दृश्यता बघा. 'फक्त फॉलोअर' असेल आणि सुटसुटीत दिसावं म्हणून समोरच्याचं नाव खोडलं असेल, तर बडोद्याच्या सर्व्हरवरचं कुणी तुम्हाला फॉलो करत नसल्यास प्रत बडोद्याला येणारच नाही. सगळ्या सर्व्हरांचा मिळून एकच फळा नसतो हो; तुमचा सर्व्हर ज्याला प्रत धाडेल त्यालाच ती मिळते. पोस्ट सार्वजनिक असली तरी नाव नसेल तर सूचना वाजत नाही, आणि खेळी धाग्यात पडून राहते. नाव आणि सर्व्हर दोन्ही लिहून नवं उत्तर टाका. घड्याळ या नव्या पोस्टपासून धरावं, बडोद्याच्या खेळाडूला जुनी दिसलीच नव्हती.
तिसऱ्या सर्व्हरवरच्या प्रेक्षकांना मधली सार्वजनिक खेळी दिसत नसेल, तर तिचा दुवा त्यांच्या शोधपेटीत टाकायला सांगा.

तिरपा_उंट (ग्वाल्हेर):
दुसरा घोटाळा कीबोर्डचा दिसतो. इंग्रजी नोटेशनमध्ये (खेळी लिहायच्या पद्धतीत) लहान बी म्हणजे बी-पट्टीतलं प्यादं, मोठा बी म्हणजे उंट. फोन ओळीतलं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. उंट डी२ वर असेल तर सी३ वर दोघेही मारू शकतात, म्हणून बॉट हरकत घेत नाही. बी२ असं निघायचं घर लिहूनही सुटका नाही, मोठ्या बीने त्याचा अर्थ 'दुसऱ्या ओळीतला उंट' होतो! आपोआप मोठं अक्षर करणारी सोय सेटिंगमधून बंद करा.
बॉट नसलेल्या पटांवर आकड्यांचं टपाली नोटेशनच वापरा. ए ते एच म्हणजे १ ते ८. आधी निघायचं घर, मग पोचायचं. प्याद्याने मारलं तर २२३३, उंटाने मारलं तर ४२३३. देवनागरी कीबोर्डवरूनही लिहिता येतं.

राजवाडाकर (इंदूर):
१४वी 'फक्त फॉलोअर'च होती, नावही खोडलेलं. परत टाकली. चौथा पट मागे कसा न्यायचा?

तिरपा_उंट (ग्वाल्हेर):
बडोद्याची संमती असेल तरच. पाठवलेली खेळी नियमात बसत असेल तर ती पाठवणाऱ्याच्या पदरात, हा टपाली रिवाज मला योग्य वाटतो. संमती मिळाली तर चुकीच्या खेळीआधीच्या स्थितीचा फेन (पटाची स्थिती सांगणारी एका ओळीची नोंद) घ्या, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या पट-संपादकात चिकटवा आणि तिथून मित्राबरोबर पत्रव्यवहाराचा डाव सुरू करा, ३ दिवसांचा. पीजीएन, म्हणजे सगळ्या खेळ्यांची नोंद, वेगळी जपून ठेवा: फेनमध्ये फक्त आत्ताची स्थिती असते, आधीच्या खेळ्या नसतात, त्यामुळे एकच स्थिती तीनदा आल्याचा, म्हणजे बरोबरीचा, दावा त्यावरून करता येत नाही.

मांडवीकर (बडोदा):
आणखी एक. संघातली खलबतं खासगी उल्लेखात (फक्त नाव घेतलेल्यांनाच जाणाऱ्या पोस्टमध्ये) करू नका. बोलण्याच्या ओघात प्रतिस्पर्ध्याचं खातं ॲट चिन्हासकट लिहिलंत, तर ती पोस्ट त्यालाही जाते.