यानातला गणवेश: जंपसूट आसनात ओढतो, काय करावं?

नेपथ्य_इंदूर
एकांकिकेसाठी सहा जणांचे अंतराळयानातले गणवेश शिवायचे आहेत. प्रयोग मे महिन्यात, ४५ मिनिटांचा, हॉलमध्ये फक्त पंखे. चंदेरी कोटिंगच्या नायलॉनचा एक नमुना तयार आहे, पण बसलं की आसनात (दोन्ही पाय जुळतात तिथल्या शिवणीत) ओढतो, हात वर केले की पँट घोट्याच्या वर जाते आणि आतून घामाने चिंब. बाथरूमला जायचं तर सगळाच उतरवावा लागतो. कापड बदलू की कटिंग?

मुंढा_आसन
दोन्ही. आधी कटिंग. टेलर शर्टाचं माप घेतो, पँटचं घेतो आणि कमरेवर जोडून टाकतो. जंपसूटचं खरं माप वेगळंच: खांद्यावरून पुढे, पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हा पूर्ण फेरा मोजा आणि ८ ते १० सेंमी वाढवा. वाढवलेलं कापड मागे कमरेवर इलास्टिकमध्ये गोळा करा, पुढचा भाग सपाट राहू द्या.

हात वर केल्यावर सगळं वर चढतं ते खोल मुंढ्यामुळे, म्हणजे बाही जोडतात त्या काखेतल्या गोलाईमुळे. सैल हवं म्हणून टेलर मुंढा खाली नेतो, तिथेच चुकतं. मुंढा २-३ सेंमी वर घ्या आणि काखेत १० सेंमी बाजूची चौकोनी मियानी (हालचालीसाठी जोडलेला कापडाचा तुकडा) घाला. कच्च्या टाक्यावरच खुर्चीत बसवून, बुटाची नाडी बांधायला लावून बघा. उभं राहून ट्रायल घेतली तर काहीच कळत नाही.

कात्री
मी तर जंपसूटच सोडा म्हणेन. शर्ट आणि उंच कमरेची पँट वेगळी शिवा, आतून सहा टिचबटणांनी जोडा, वर त्याच कापडाचा पट्टा. लांबून एकसंधच दिसतं आणि बाथरूमचा प्रश्न मिटतो. खऱ्या अंतराळ स्थानकातही लोक बराच वेळ टी-शर्ट आणि खिसेवाली पँटच घालतात.

तुमच्या यानात गुरुत्वाकर्षण आहे का, हे मात्र आधी ठरवा. नसेल तर पाठीचा कणा लांबतो, उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. १७० सेंमीच्या माणसाला पाचेक सेंमी! म्हणजे जमिनीवर नेमका बसलेला जंपसूट तिथे आसनात रुतणार. शरीरातलं पाणी वर सरकतं, चेहरा फुगतो, पाय बारीक होतात. सैल शर्ट अंगावर टिकत नाही, वर तरंगतो, म्हणून खाली रिबची पट्टी हवी. जाड तळव्याचे बूटही निरुपयोगी, कारण पाऊल दांड्याखाली अडकवून थांबतात आणि घासतो तो पायाचा वरचा भाग. पॅडिंग तिथे दाखवा, जाणकार प्रेक्षक खूश होईल.

टेरीकॉट
कोटिंगचं नायलॉन बादच करा. घाम बाहेर पडत नाही, वर सळसळ कॉलर माइकमध्ये येते. शिवाय ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. २७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेच्या अपोलो १ यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागली, तेव्हा आतलं नायलॉन भराभर पेटलं. नंतरच्या अपोलो पोशाखांचं बाहेरचं कापड टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूंचं केलं. तुम्हाला १८० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) सुती ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं कापड, पुरे. रंग गडद निळा. मध्यम करड्यावर काखेतला घाम शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

वेल्क्रो लावाल तर मऊ बाजू कपड्यावर आणि काटेरी बाजू उपकरणावर. उलटं केलंत की काटे बाहीलाच चिकटतात, धागे ओढतात. आणि शांत प्रसंगात वेल्क्रो उघडू नका, भर्रकन आवाज होतो.

नेपथ्य_इंदूर
शर्ट-पँटच पक्कं. कापड किती घेऊ?

कात्री
५८ इंची पन्ह्यात माणशी ३ मीटर, म्हणजे १८. सुती कापड आटतं, खिसे-पट्टेही निघायचेत, म्हणून २० घ्या. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून घेताना सगळं एकाच ताग्यातलं मागा. दुसऱ्या ताग्याचा निळा दुकानात सारखा वाटतो, स्टेजच्या दिव्यात फरक उघडा पडतो. टेलरकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या.

मुंढा_आसन
आणि टिचबटणांच्या मागे कॅनव्हासची पट्टी घालायला सांगा, नाहीतर चौथ्या-पाचव्यांदा ओढताना बटण कापडासकट हातात येतं.