इजिप्तचा 'इस्माईली' फुटबॉल क्लब आगाखानी लोकांचा आहे का?

लोकोशेड_भुसावळ
मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे, हसू नका. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, मागच्या महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी एक पिवळी जर्सी घेऊन आला, निळी कॉलरवाली. म्हणे सुएझ कालव्यातून जाताना दोर बांधायला तिकडची बोटवाली माणसं जहाजावर येतात आणि हाताला काम नसलं की डेकवरच चादर पसरून दुकान मांडतात, पितळी उंट, पिरॅमिडचे कीचेन, पपायरसवरची चित्रं, त्याच ढिगात ही जर्सी होती. रविवारी घालून ग्राउंडवर गेलो तर पोरं म्हणे काका ब्राझीलचा डुप्लिकेट माल कुठून उचलला. छातीवर अरबीत काहीतरी आहे. ते आमच्या इथल्या अत्तरवाल्या चाचांनी वाचलं, 'इस्माईली'. आता इस्माईली म्हटलं की मला तर आगाखानला धर्मगुरू मानणारे आगाखानी खोजे मुसलमानच आठवतात. मग हा त्यांचा क्लब आहे का? आणि ब्राझीलशी काही कनेक्शन? बायको म्हणते आधी नीट माहिती काढा मगच घालून फिरा.

केळीवाला_रावेर
वहिनी बरोबर बोलू ऱ्हायल्या भो 😄 मले तं वाटलं होतं इजिप्तमध्ये फुटबॉल म्हणजे फक्त तो खेळाडू सलाह.

चाळीसगाव_जंक्शन
दादा, आगाखानींशी काही संबंध नाही. इस्माईली म्हणजे इस्माईलिया गावचा, जसं आपण चाळीसगावकर म्हणतो तसं. आणि गावाला नाव मिळालं ते खेदिव इस्माईलवरून, जो १८६३ ला इजिप्तच्या गादीवर आला. त्याच साली सुएझ कालवा खणणाऱ्या कंपनीने वाळवंटात तिमसाह तळ्याकाठी हे गाव वसवलं, तिमसाह म्हणजे मगर.

या इस्माईलची गोष्ट आपल्या कापूसवाल्यांना लगेच कळेल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून इकडे खान्देशात भाव आभाळाला आणि तिकडे नाईलकाठीपण. गड्याला वाटलं हा भाव जन्मभर राहणार, मग राजवाडे, रेल्वे, ऑपेरा हाऊस, सगळं कर्जावर. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र वाढतच गेलं. शेवटी १८७५ ला कालव्यातले इजिप्तचे शेअर्स ४० लाख पौंडांना इंग्रजांना विकावे लागले, १८७९ ला गादीपण गेली. आणि १८८२ ला इंग्रज फौज घेऊन आला तो बसलाच.

म्हणजे गाव इजिप्तचं पण मालकी परक्याची. कंपनीच्या साहेबांचे बागेतले बंगले एकीकडे, मजुरांची वस्ती दुसरीकडे, फुटबॉलचे क्लबही परदेशी लोकांचे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत साहेबांचा जमाना होता तेव्हाचं आजोबांकडून ऐकलं असेल तर चित्र डोळ्यासमोर येईल. तिथे १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत तिथल्याच लोकांनी आपला क्लब काढला, आधीचं नाव नहदा म्हणजे नवजागरण, मग झालं इस्माईली. कालव्याच्या वरच्या टोकाला पोर्ट सैदमध्ये १९२० ला क्लब निघाला त्याचं तर नावच अल मसरी, म्हणजे सरळ 'इजिप्शियन'. आपल्याच देशात आपल्या क्लबला असं नाव ठेवावं लागतं यावरून काय ते समजा.

काळी_माती_चोपडा
सगळं खरं पण उगीच इमोशनल करू नका. इजिप्तचा क्लब म्हणजे कैरोचा अहली, विषय संपला. १९०७ पासून आहे, १२ वेळा आफ्रिकन चॅम्पियन, नावाचा अर्थच 'राष्ट्रीय', इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर साहेब मानद अध्यक्ष होते. इस्माईलीने लीग किती जिंकल्या सांगा, ३?

चाळीसगाव_जंक्शन
हो तीनच. १९६७, १९९१, २००२. मोजूनच प्रेम करायचं असेल तर तुमचा अहली घ्या. फक्त त्या 'राष्ट्रीय' क्लबचा पहिला अध्यक्ष इंग्रज होता, मिचेल इन्स, तेही लिहा. आणि इस्माईलीत नावारूपाला आलेली पोरं, महंमद बरकत म्हणा अहमद फथी म्हणा, शेवटी अहलीच्याच लाल जर्सीत दिसली. कैरोकडे पैसा आहे, इस्माईलियाची आंब्याची बाग आहे, काय करणार.

पण त्या पहिल्या लीगचं ऐका. १९६७ ला पहिल्यांदा चॅम्पियन झाले आणि जूनमध्ये युद्ध. इस्रायलचं सैन्य कालव्याच्या पूर्व काठावर आलं, गाव पश्चिम काठावर, मधे फक्त पाणी. रोज तोफा. गाव रिकामं करायला लागलं, लोक मिळेल तिथे विखुरले, देशातली लीगच बंद. टीम कैरोत जाऊन राहिली, अरब देशांत फिरून मॅच खेळायची आणि मिळालेला पैसा युद्धनिधीला. घर नाही, स्वतःचं ग्राउंड नाही, लीग नाही, अशा टीमने १९६९ चा आफ्रिकन चॅम्पियन क्लब कप जिंकला, तो जिंकणारा इजिप्तचा पहिला क्लब. तुमच्या अहलीला त्यासाठी १९८२ उजाडलं काळी माती भाऊ. फायनल काँगोच्या एंगलबर्टशी (आताचा माझेम्बे), ते आधीची लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन. किन्शासात २-२, मग ९ जानेवारी १९७० ला कैरोत ३-१. अली अबू ग्रेशा हा त्यांचा हिरो, त्या एकाच घराण्यातले कितीतरी जण इस्माईलीकडून खेळले.

ब्राझीलचं म्हणाल तर मालकी वगैरे काही नाही, खेळ छोट्या पासांचा, नखरेल, आणि रंग पिवळा-निळा, म्हणून लोक 'इजिप्तचं ब्राझील' म्हणतात. दुसरं नाव दरवेश. गंमत म्हणजे ब्राझील स्वतः १९५३ पर्यंत पांढऱ्या जर्सीत खेळायचं 😄

अँकर_अमळनेर
मी त्या रूटवर होतो बरीच वर्षं, डेकवरच्या दुकानाचं वर्णन एकदम करेक्ट. एक भर घालतो, त्याच युद्धात कालवा बंद झाला तो थेट ५ जून १९७५ ला उघडला. १४ जहाजं ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून पडली ८ वर्षं, आणि पंधरावं अमेरिकन जहाज याच इस्माईलियाच्या तिमसाह तळ्यात. वाळू बसून बसून जहाजं पिवळी पडली म्हणून नाव पडलं यलो फ्लीट. खलाशी डेकवर फुटबॉल खेळायचे, १९६८ ला तर त्यांनी आपलं स्वतःचं ऑलिम्पिक भरवलं होतं. पिवळ्या जर्सीवाले गाव सोडून गेले आणि त्यांच्या दारात पिवळी जहाजं येऊन बसली. जर्सी जपून ठेवा दादा.

तापी_बॅकवॉटर
टीमचं घर गेलं हे वाचून थांबलो. आमचं गाव धरणात गेलं. मी सहावीत होतो. गावची व्हॉलीबॉलची टीम होती, आजूबाजूच्या तालुक्यात नाव होतं. गावठाणातून सामान हलवताना लोकांनी दारं, चौकटी, पत्रे, अगदी विहिरीवरचा रहाटपण काढून नेला, आणि माझ्या काकाने ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात आधी व्हॉलीबॉलचे दोन खांब टाकले, आजी ओरडत होती की अरे आधी जातं घे. नवीन ठिकाणी प्लॉट लांब लांब पडले, एका गल्लीतले लोक तीन ठिकाणी झाले, जुन्या वाड्यांची नावं पण आता कोणी घेत नाही. पण टूर्नामेंटच्या पत्रिकेत टीमचं नाव अजून जुन्या गावाचंच छापतात. पत्त्यावर नाही, रेशनकार्डवर नाही, फक्त तिथेच. नवीन पोरांनी ते गाव बघितलेलं पण नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारुतीच्या देवळाचा ओटा दिसतो तेवढंच.

केळीवाला_रावेर
भाऊ 🙏

काळी_माती_चोपडा
अहली मोठा हे मी मागे घेत नाही. पण १९७० च्या फायनलचं माहीत नव्हतं, ते मान्य. तापी भाऊ, काकांचे ते खांब अजून आहेत का?

तापी_बॅकवॉटर
एक आहे. दुसरा गंजला, त्याच्या जागी लाईटचा जुना पोल लावलाय.

लोकोशेड_भुसावळ
सगळ्यांचे आभार. अत्तरवाल्या चाचांना दुकानात जाऊन सांगितलं की आगाखानी नाही, गावाचं नाव आहे. ते म्हणाले माझ्या वाचण्यात चूक नव्हती, तुमच्या समजण्यात होती. वर म्हणे तुमचे एक आगाखान इजिप्तमध्येच दफन आहेत, अस्वानला, म्हणजे तुम्ही अगदीच चुकला नव्हता. बायकोने परवानगी दिली आहे, पण जर्सी वेगळी धुवायची म्हणते, पहिल्याच धुण्यात माझी दोन बनियनं पिवळी झाली.