मदत हवी आहे: ए-टी रुग्णाच्या पेशींतही गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके निरोगी पेशींइतकेच का भरतात?

रेणुबंध: नमस्कार. ॲटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया (ए-टी) या आनुवंशिक आजारातील किरणोत्सर्ग-संवेदनशीलता हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. रुग्णाच्या पेशींना विकिरण देऊन अर्ध्या तासाने गॅमा-एचटूएएक्सचे (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या एचटूएएक्स प्रथिनाच्या फॉस्फेट जोडलेल्या रूपाचे, म्हणजे डीएनए तुटल्याच्या खुणांचे) ठिपके मोजले, तर ते निरोगी पेशींइतकेच भरतात. तुटलेल्या डीएनएजवळ एचटूएएक्सला फॉस्फेट जोडण्याचे काम एटीएम करते असे सर्वत्र लिहिलेले असताना, ज्या पेशींत ते प्रथिनच नाही त्यांत ठिपके उमटावेत कसे? ठिपके दाखवणारे प्रतिपिंड बदलून पाहिले, फरक पडला नाही. निदानच चुकले असावे अशी शंका मार्गदर्शकांनी काढली आहे आणि प्रगती-अहवाल सोमवारी द्यायचा आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे. "शोधनिबंध वाचा" असे सांगू नये, ते वाचलेले आहेत.

जुनाप्रयोगी: पेशी कोणत्या, मात्रा किती, विकिरणाचा उगम कोणता, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. तरीही सांगतो, ठिपक्यांचा नाद सोडा आणि वसाहती (तगलेल्या एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके) मोजा. १९७५ साली माल्कम टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए-टीच्या पेशी किरणोत्सर्गाला अतिसंवेदनशील असतात हे दाखवले, ते विकिरणानंतर किती पेशी तग धरून वाढतात हे मोजूनच. एटीएम जनुक हाती लागायला त्यानंतर वीस वर्षे जावी लागली.

दुवाजोड: वसाहतींना दोन-तीन आठवडे लागतात आणि यांचा अहवाल सोमवारी आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: एचटूएएक्सला फॉस्फेट जोडणारे एटीएम एकटे नाही, डीएनए-पीके हे प्रथिनही तेच काम करते. त्यामुळे अर्ध्या तासाचे ठिपके ए-टीमध्ये जवळपास नेहमीसारखेच दिसतात आणि त्यावरून निदान चुकले असे मुळीच ठरत नाही. फरक पाहायचा तर चोवीस तासांनंतर पाहावा. एका ग्रेला (ग्रे हे विकिरण-मात्रेचे एकक) प्रत्येक पेशीत दोन्ही पदरांच्या सुमारे ३५ ते ४० तुटी होतात; बहुतेक तुटी काही तासांत सांधल्या जातात, पण साधारण दहा टक्के, विशेषतः घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनमधल्या (डीएनए व प्रथिनांच्या धाग्यातल्या), एटीएमवाचून रेंगाळतात. दोन ग्रेच्या हिशेबाने पेशीमागे सात-आठ ठिपके उरायला हवेत.

कोबाल्टसाठ: हे सर्व मात्रा खरोखर दोन ग्रे असेल तर. रेणुबंध, आपण गॅमा चेंबर वापरता काय?

रेणुबंध: होय, विभागातील कोबाल्टचे गॅमा चेंबर (नमुना आत उतरवून विकिरण देणारे यंत्र). मात्रा दोन ग्रे. पेशी एपस्टाइन-बार विषाणूने अमर केलेल्या लिम्फोब्लास्टॉइड (पांढऱ्या रक्तपेशींपासून केलेल्या) आहेत. हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

कोबाल्टसाठ: मग माझी शंका खरी ठरते. या यंत्राचा मात्रा-दर ताशी काही हजार ग्रे असतो, म्हणजे दोन ग्रे सेकंद-दोन सेकंदांतच पडतात आणि नमुना खाली जाताना व वर येताना मिळणारी मात्रा हिशेबाबाहेर राहते. आपण दोन म्हणता तेथे चार-पाचही असू शकतील. तेवढ्या मात्रेला ठिपके एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही पेशींत आकडा सारखाच येतो. शिवाय कोबाल्ट वर्षाला सुमारे बारा टक्क्यांनी क्षीण होते, तेव्हा दराचा तक्ता कोणत्या वर्षाचा आहे तेही पाहावे. फ्रिके द्रावणाने (मात्रा मोजण्याच्या रासायनिक द्रावणाने) वेगवेगळ्या वेळांची मात्रा मोजून आलेख काढला, की शून्य सेकंदाला जी मात्रा उरते तीच ये-जा करतानाची.

दुवाजोड: मात्रा चुकली असेलही, पण अचूक दोन ग्रे दिले तरी अर्ध्या तासाला हेच दिसेल. भौतिकशास्त्रज्ञांना प्रत्येक दोष यंत्रातच दिसतो.

कोबाल्टसाठ: आणि जीवशास्त्रज्ञ यंत्राच्या घड्याळावरचा आकडा वेदवाक्य मानतात. आपले चोवीस तासांचे सात-आठ ठिपकेही मात्रेवरच अवलंबून आहेत, हे विसरू नये.

शुभेच्छुक: माझ्या नात्यातील एका मुलाला हा आजार आहे, म्हणून लिहितो. अशा मुलांचे सीटी स्कॅन शक्य तेथे टाळून एमआरआय करावे, आणि कर्करोग झाल्यास नेहमीच्या मात्रेत विकिरणोपचार देऊ नयेत. आईकडे जनुकाची एक सदोष प्रत असते व तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, म्हणून तिचीही तपासणी व्हावी.

रेणुबंध: दादा, आभार, परंतु माझ्याकडे केवळ पेशी आहेत; त्या कुटुंबाशी माझा संपर्क नाही.

जुनाप्रयोगी: लिम्फोब्लास्टॉइड पेशी हे आधी सांगितले असते तर एवढी चर्चा वाचली असती. त्या सतत विभागत असतात आणि डीएनएची प्रत निघत असतानाही ठिपके उमटतात, म्हणून विकिरण न दिलेल्या पेशींचा आकडा वजा केल्याशिवाय काहीच म्हणता येणार नाही. चोवीस तासांचे मोजमाप बशीभर वाढून थांबलेल्या त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींवरच करावे. आणि वसाहती मोजाव्यातच, हे माझे मत कायम आहे.

दुवाजोड: येथे मी सहमत आहे, वसाहती वगळून. सोमवारपूर्वी होण्याजोगे दोन प्रयोग आहेत. पहिला, फॉस्फेट जोडलेल्या कॅप-वन या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी): त्यातील ८२४ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडण्याचे काम मुख्यतः एटीएमचे, त्यामुळे निरोगी पेशींत ठळक पट्टी येईल आणि ए-टीमध्ये ती फार फिकी असेल किंवा नसेलच. निदानाविषयीची शंका त्यानेच बरीचशी मिटेल. दुसरा, ए-टी पेशींना विकिरणापूर्वी एक तास एनयू-७४४१ हे डीएनए-पीकेचे अवरोधक द्यावे. ठिपके उतरले तर ते कोणामुळे होते हे कळेल. निरोगी पेशींना एटीएमचे अवरोधक केयू-५५९३३ दिले की तुलनेची बाजूही तयार होते.

रेणुबंध: केयू-५५९३३ शेजारच्या प्रयोगशाळेत आहे, एनयू-७४४१ मागवावे लागेल. म्हणजे सोमवारी कॅप-वनच दाखवता येईल. अवरोधक न दिलेल्या पेशींना तसेच ठेवले तर चालेल काय?

दुवाजोड: नाही. अवरोधक डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असते, म्हणून तेवढेच डीएमएसओ त्यांनाही द्यावे.

कोबाल्टसाठ: आणि विकिरण न दिलेल्या नळ्याही यंत्रापर्यंत नेऊन, चेंबरमध्ये न उतरवता, तेवढाच वेळ बाहेर ठेवून परत आणाव्यात. दराचा तक्ता कोणत्या वर्षाचा आहे, हे अजून समजले नाही.