मदत हवी आहे: डायव्हिंग मास्कचा स्कर्ट काळा घ्यावा की पारदर्शक?

गोदाकाठी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही दोघं तारकर्लीला स्कूबा शिकायला जातोय. बाकी सामान तिथे मिळतंच, पण मास्क स्वतःचा असावा असं वाटतं. एक तर मला मायनस साडेतीनचा नंबर, आणि शंभर जणांच्या नाकावर बसलेला मास्क नको वाटतो. नाशकात कॉलेज रोड, एमजी रोड पालथा घातला. पोहायचे गॉगल ढीगभर, डायव्हिंगचा मास्क मात्र दिसला नाही. एका दुकानदाराने तर "साहेब, पाणी तेच, मग गॉगल वेगळा कशाला?" म्हणत पोहायचा गॉगलच पुढे सरकवला. म्हणजे मागवायचा ऑनलाइनच, आणि तिथे घोडं अडलंय. मास्क तोच, किंमत तीच, फक्त काचेभोवतीचा सिलिकॉनचा स्कर्ट एकाचा काळा, एकाचा पारदर्शक.

मित्राचे दोन्ही मास्क आणून तरण तलावात घालून बघितले. पारदर्शक घातल्यावर ऊन तिरपं आलं की काचेच्या आतल्या बाजूला मला माझाच गाल आणि पापण्या दिसायला लागल्या. काळ्यात ती भानगड नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, पण पोस्टाच्या पेटीत बसून फटीतून बाहेर बघतोय असं वाटलं. बायकोने काळा घातला आणि लगेच उपसून काढला. जीव घुसमटतो म्हणाली.

खोलवर गेल्यावर हा फरक राहतो का? पारदर्शक पिवळा पडतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि मला मिशी आहे. ती काढणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खारेपाणी:
दादा, त्या दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. पोहायच्या गॉगलात नाक बाहेर राहतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि खाली जाताना मास्कमध्ये नाकाने थोडी थोडी हवा सोडून तो सारखा करत राहावं लागतं. गॉगलात ते जमतच नाही. डोळे ओढले जातात, पांढऱ्या भागात रक्त उतरतं.

आता रंग. पारदर्शक स्कर्टमधून बाजूचं जास्त दिसतं हा गैरसमज आहे. तिथून नुसता उजेड येतो, आकार काही कळत नाही. तोच उजेड काचेच्या आतल्या बाजूवर पडून तुम्हाला तुमचा गाल दाखवत होता. काळा स्कर्ट तो उजेड अडवतो, म्हणून पाण्याखाली फोटो काढणारे आणि भाल्याने मासे मारणारे काळाच घेतात. बाजूचं खरोखर जास्त दिसायला हवं असेल तर काच डोळ्याच्या जवळ येणारा, आत कमी हवा मावणारा मास्क बघा. स्कर्टचा रंग कोणताही असो.

चमक सगळ्यात जास्त त्रास देते ती वरच्या वर, स्नॉर्केल करताना, डोक्यावर ऊन असताना. मालवणच्या हिरवट पाण्यात आठ-दहा मीटरवर उजेडच मंदावलेला असतो, तिथे दोन्हींतला फरक बराच कमी होतो. तुम्ही शिकायला जाताय, कॅमेरा नाही, तर रंगावर एवढं डोकं चालवू नका. डोकं लावायचं ते मापावर. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. घसरला तर कितीही महाग असो, परत पाठवा. मिशी ठेवा खुशाल, फक्त नाकाखालची बोटभर नव्हे, जेमतेम रेघेएवढी पट्टी छाटा, कारण स्कर्टची कड तिथेच टेकते.

सागरवेडी:
वहिनींना घुसमट होत असेल तर त्यांना पारदर्शकच घ्या, त्यात वाद नको. शिकताना मन शांत राहणं महत्त्वाचं. गालाचं प्रतिबिंब थोड्या वेळाने विसरायला होतं, घाबरलेलं मन विसरत नाही. शिवाय शिकवणाऱ्याला बाजूनेही चेहरा दिसतो.

पिवळा पडतो हे खरं आहे. ऊन आणि सनस्क्रीनचं तेल लागून पडतो. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकायचा नाही. पिवळा पडला म्हणून गळायला लागत नाही, फक्त कळकट दिसतो.

चष्मेवाला नाशिककर:
नंबरसाठी दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या. एकाच अखंड काचेच्या मास्कमध्ये तयार नंबरची काच बदलून बसत नाही. तयार काचा साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या अंतराने मिळतात. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे साडेतीनऐवजी तीनवरही पुष्कळांचं भागतं. चष्म्यात सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) असेल तर मात्र तयार काचेने काम होणार नाही, चष्म्याच्या दुकानातून करून घ्यावी लागेल.

आणि नवा मास्क आला की काच आतून टूथपेस्टने दोन-तीनदा चोळून धुवा. कारखान्यातून येताना तिच्यावर पातळ थर असतो, तो गेल्याशिवाय वाफ धरायचं थांबत नाही.

गोदाकाठी:
मंडळी, मनापासून आभार. तिला पारदर्शक, मला दोन काचांचा काळा, असं ठरलं. परत घेणाऱ्या दुकानातूनच मागवतो. मिशीचं बघू.

सागरवेडी:
दोन्ही मास्क एका पिशवीत दाबून ठेवू नका हं. काळ्या रबराला फार दिवस टेकून राहिलं की पारदर्शक सिलिकॉनवर डाग उमटतात, आणि ते घासून जात नाहीत. प्रत्येकाची डबी वेगळी ठेवा.