हरभरा मर रोग: आयसोलेट फ्युजेरियमचेच, पण कुंडीत रोप मरत नाही

प्रश्न: पीएच.डी.साठी मर लागलेल्या हरभऱ्यातून १८ आयसोलेट (रोपातून वेगळी काढून वाढवलेली बुरशी) काढले. आयटीएस (बुरशी ओळखण्यासाठी वाचतात तो डीएनएचा भाग) सिक्वेन्सनुसार सगळे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, म्हणजे मर रोगाची बुरशी. पण रोगकारकता चाचणीत ११ आयसोलेटनी एकही रोप मारलं नाही. चूक कुठे?

उत्तर १: तुकडा झाडाच्या कोणत्या भागातून घेतला? मेलेल्या मुळाच्या सालीवर याच प्रजातीचे निरुपद्रवी प्रकार हमखास वाढतात. जमिनीच्या थोडं वर खोड उभं चिरा आणि आतली तपकिरी-काळपट रेघ, म्हणजे झायलम (पाणी वाहणाऱ्या नलिका), ३ ते ५ मिमी कापा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १ मिनिट, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं, मग टिपकागदावर पूर्ण कोरडा करून पीडीएवर (बटाटा-साखरेचं बुरशी वाढवायचं माध्यम). ओला तुकडा ठेवला की बॅक्टेरिया आधी पसरतात. नंतर २ टक्के वॉटर अगारवर (पोषक द्रव्य नसलेलं माध्यम) अंकुरलेला एकच बीजाणू उचला. ही पायरी गाळू नका, मिश्र कल्चरवरचं पुढचं सगळं काम फुकट जातं.

उत्तर २: इनॉक्युलेशन, म्हणजे रोपाला बुरशी देण्याची पद्धतही तपासा. मुळांची टोकं छाटून रोपं मिलिलिटरला १० लाख बीजाणू असलेल्या द्रावणात बुडवा. मोजणी हिमोसायटोमीटरने (सूक्ष्मदर्शकाखालची मोजपट्टी) करा, अंदाजाने नको. कंट्रोलच्या रोपांची मुळंही तशीच छाटून निर्जंतुक पाण्यात बुडवायची, नाहीतर जखमेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. तापमान २५ अंशांच्या आसपास हवं. थंडीत लक्षणं रेंगाळतात. सोबत जेजी-६२ हे संवेदनशील वाण लावा. रोग देणाऱ्या आयसोलेटनेही ते उभंच राहिलं तर दोष पद्धतीत आहे. आणि पीडीएवर पुन्हापुन्हा सबकल्चर केल्यानेही (नव्या माध्यमावर हलवल्यानेही) रोगकारकता घटते.

उत्तर ३: आयटीएसवर विसंबू नका, फ्युजेरियममध्ये तो जवळच्या प्रजाती वेगळ्या करत नाही, टीईएफ-१ अल्फा जनुक करा. तरीही ‘सिसेरिस’ हा फॉर्मा स्पेशालिस (एकाच पिकाला रोग देणारा प्रकार, इथे हरभऱ्याला) ठरतो यजमानावरच. आजारी रोपातून तीच बुरशी परत काढल्याशिवाय कॉखच्या कसोट्या (रोग त्याच जंतूमुळे झाला हे सिद्ध करण्याचे नियम) पुऱ्या होत नाहीत. आकडेमोडीत कुंडी हे एकक धरा. एका कुंडीतली ५ रोपं म्हणजे ५ रेप्लिकेशन (स्वतंत्र पुनरावृत्ती) नव्हेत. प्रबंध इथेच अडकतो.

प्रश्नकर्ता: तुकडे मुळाच्या सालीचेच होते. मग ते ११ टाकून द्यायचे?

उत्तर १: मुळीच नाही! रोग न देणारे आयसोलेट तुलनेसाठी लागतात, जैविक नियंत्रणासाठीही तपासता येतात. निर्जंतुक फिल्टर पेपरच्या तुकड्यांवर वाढवा, पूर्ण वाळवा, पाकिटात बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. रोग देणारे ७ आजच असे ठेवा.